थ्री वुड पिशवीतून काढू का?

गोल्फ : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : निवृत्तीनंतर गोल्फ सुरू केलं. वय 61, खारघरच्या कोर्सवर खेळतो. सात नंबरचा आयर्न (पातळ, धातूच्या तोंडाचा क्लब, म्हणजे काठी) चांगला लागतो. टीवरून, म्हणजे चेंडू ठेवायच्या छोट्या खुंटीवरून, थ्री वुडही (मोठ्या डोक्याचा, लांब मारायचा क्लब) बरा जातो. पण फेअरवेवर, म्हणजे कापलेल्या गवताच्या पट्ट्यावर, तोच थ्री वुड हातात घेतला की चेंडू टॉप होतो (क्लब त्याच्या वरच्या भागाला लागतो) आणि वीस-तीस यार्ड सरपटत जातो. सोबतचे म्हणतात, डोकं वर येतंय, खाली बघा. खाली बघूनही फरक पडत नाही. थ्री वुड पिशवीतून काढून टाकू का?
– एक वाचक, नवी मुंबई

उत्तर : हो, काढा. निदान वर्षभर तरी. हे मी मनापासून सांगतोय, कारण या एका क्लबपायी खेळाचा आनंद गमावलेले खूप लोक मी पाहिलेत. आधी कॅडी म्हणून त्यांच्या पिशव्या उचलताना पाहिले आणि आता शिकवताना पाहतो.

डोकं वर येतं म्हणून चेंडू टॉप होतो, असं रेंजवर, म्हणजे सरावाच्या मैदानावर, जो तो सांगतो. बहुतेक वेळा खरं कारण वेगळं असतं. तुम्ही चेंडू उचलायला जाता. थ्री वुडचा लॉफ्ट, म्हणजे तोंडाचा मागचा कल, साधारण 15 अंश. ते उभं तोंड चेंडूमागे ठेवलं की मनाला पटतच नाही, की गवतावर पडलेला चेंडू यानं आपोआप उडेल. मग अंग मागे झुकतं, वजन उजव्या पायावर राहतं (तुम्ही उजव्या हाताने खेळता असं धरतो) आणि क्लब चेंडूपाशी पोचेपर्यंत वर निघालेला असतो. चेंडूचा व्यास 42.67 मिलिमीटर, म्हणजे त्याचा मध्य जमिनीपासून जेमतेम 21 मिलिमीटरवर. क्लबचा खालचा काठ त्याच्या वरून गेला की झाला टॉप. टीवर चेंडू थोडा उंच असतो, म्हणून तिथे हाच स्विंग खपून जातो. आयर्नचं म्हणाल तर सात नंबरचा शाफ्ट (दांडा) साधारण 37 इंच आणि थ्री वुडचा 43च्या आसपास. या सहा इंचांमुळे तुम्ही चेंडूपासून लांब उभे राहता आणि लहानशी चूकही मोठी होते.

आता मोठ्या खेळाडूंचं बघा. पीजीए टूर या अमेरिकेतल्या स्पर्धामालिकेतल्या व्यावसायिकांचं ट्रॅकमॅनवर, म्हणजे फटका मोजणाऱ्या रडार यंत्रावर, मोजमाप झालेलं आहे. थ्री वुड चेंडूवर येताना ते सरासरी दोन-तीन अंश खाली उतरत असतात. वर नव्हे, खाली. वुड म्हणजे झाडून न्यायचा क्लब, असं सांगितलं जातं त्यातून गैरसमज होतो. अंगण झाडताना खराटा जसा जमिनीला टेकूनच पुढे जातो, तसा क्लबचा तळ गवताला घासून गेला पाहिजे. चेंडू वर नेण्याचं काम लॉफ्टचं आहे, तुमच्या खांद्यांचं नाही.

म्हणून फाइव्ह वुड घ्या, 18 किंवा 19 अंशांचा. त्याहून बरं म्हणजे 21 अंशांचा सेव्हन वुड. ड्रायव्हर (सर्वांत लांब मारायचा क्लब) दोनशे यार्डांच्या आत-बाहेर जाणाऱ्या खेळाडूचा थ्री वुड फेअरवेवरून पुरेसा उंच चढतच नाही, कारण तेवढा वेग नसतो. अशा खेळाडूचा फाइव्ह वुड बहुधा तेवढाच लांब जातो, आणि दहातले कितीतरी जास्त चेंडू हवेत जातात. दुकानात जाताना नंबर बघू नका, तळावर छापलेले अंश बघा. एका कंपनीचा फाइव्ह दुसरीच्या फोरएवढा असू शकतो.

सराव असा करा. आधी चेंडू ठेवूच नका, नुसतं गवत घासायचा स्विंग करा आणि क्लब कुठे टेकला ते बघा. डाव्या टाचेच्या आत दोनेक चेंडूंच्या अंतरावर टेकायला हवा. मग चेंडू अर्ध्या इंचाच्या टीवर घ्या. तो सरळ जायला लागला की टी आणखी रोवा, नंतर जवळजवळ पूर्ण जमिनीत, आणि शेवटी टी काढून टाका. फटका संपताना सगळं वजन डाव्या पायावर आणि पोट लक्ष्याकडे, एवढंच तपासा. हे रेंजवरच्या कृत्रिम गवताच्या मॅटवर करू नका. मॅटवर क्लब चेंडूच्या चार बोटं आधी आपटला तरी घसरत पुढे जातो आणि चेंडू उडतो. रेंजवर सगळं छान वाटतं, कोर्सवर गेल्यावर कोडं पडतं, त्यामागे पुष्कळदा ही मॅटच असते.

खारघरबद्दल एक सांगतो. डोंगरांच्या मधोमध वसलेला कोर्स, त्यामुळे सपाट जागी चेंडू मिळेलच असं नाही. चेंडू उतारावर असेल आणि तुम्ही उताराच्या दिशेने मारणार असाल, तर जमिनीचा कल तेवढा लॉफ्ट खातो. 15 अंशांच्या क्लबकडे मग उरतं काय? तिथे सेव्हन वुडसुद्धा जपून, नाहीतर सरळ आयर्न. अशा वेळी कॅडीचं ऐका. तुम्ही चेंडूपाशी पोचायच्या आत त्याने चेंडू कसा बसलाय ते पाहिलेलं असतं, आणि तो आधीच पाच नंबरचा आयर्न पुढे करत असेल तर त्याला कारण असतं.

प्रश्न : मी यजमानांच्या जुन्या सेटवर शिकले. चार आणि पाच नंबरचे आयर्न माझ्याने उडत नाहीत. दुकानदार हायब्रिड (आयर्न आणि वुडच्या मधला क्लब) घ्या म्हणतो, मैत्रीण सेव्हन वुड. यजमान म्हणतात, त्यांच्याच फाइव्ह वुडचा शाफ्ट कापून देतो.
– एक वाचक, नाशिक

उत्तर : ताई, शाफ्ट कापू देऊ नका. पुरुषांचा शाफ्ट कापून आखूड केला की तो आणखी ताठर होतो आणि टोकाचं वजन हाताला जाणवेनासं होतं. तुम्हाला हवा हलका, लवचीक ग्रॅफाइट शाफ्ट.

दोन्हींत माझा कौल सेव्हन वुडला. हायब्रिडचं डोकं लहान आणि अरुंद, ते दाट रफमधून, म्हणजे फेअरवेच्या कडेच्या उंच गवतातून, चांगलं निघतं. सेव्हन वुडचं डोकं मोठं, वजन खाली आणि मागे, शाफ्टही थोडा लांब. म्हणून त्याच लॉफ्टचा चेंडू जास्त उंच जातो आणि ग्रीनवर (होलभोवतीच्या बारीक गवतावर) पडून फार धावत नाही. पिशवीत 14 क्लबांची मर्यादा आहे; चार-पाचचे आयर्न काढलेत तर पुढेमागे दोन्ही बसतील. आधी सेव्हन वुड घ्या.

लांब क्लबने ग्रीन गाठणं म्हणजे कमीपणा, असं कुणी सुचवलं तर त्यांना अदिती अशोकची आठवण करून द्या. टोकियो ऑलिंपिकमध्ये, ऑगस्ट 2021 मध्ये, ती चौथी आली, पदक एका फटक्याने हुकलं. त्याआधी कोविड होऊन गेल्यामुळे तिची ताकद कमी झाली होती आणि ड्रायव्हरच्या अंतरात ती मैदानातल्या सर्वांत मागच्यांपैकी होती. इतर जणी जिथून आयर्न मारत होत्या, तिथून ही बऱ्याचदा हायब्रिड नाहीतर वुडने ग्रीनवर चेंडू टाकत होती, आणि मग पटिंगने, म्हणजे ग्रीनवरून होलमध्ये चेंडू ढकलण्याने, सगळ्यांना गाठत होती. पिशवी आईने उचलली होती. आपल्याकडच्या कोणत्याही मुलीला गोल्फ शिकवताना मी त्या चार दिवसांबद्दल सांगतो. ताकदीच्या जागी नेमका क्लब काय करू शकतो, याचं त्याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

प्रश्न : पावसाळ्यात वुड जड का वाटतो? चेंडू कमी जातो.
– एक वाचक, पुणे

उत्तर : क्लब तोच असतो, जमीन बदलते. आपल्या कोर्सवरची बर्म्युडा, म्हणजे हरळी, पावसात भरभर वाढते आणि चेंडू तिच्यात खाली बसतो. चेंडू आणि क्लबचं तोंड यांच्यामध्ये ओलं गवत येतं. शिवाय पडल्यावर चेंडू धावत नाही. कोर्स चालवणाऱ्या संस्थेने प्रेफर्ड लाय (चेंडू उचलून जवळच बऱ्या जागी ठेवायची मुभा) लावला असेल तर चेंडू उचलून पुसा आणि गवताच्या टोकांवर बसेल अशी जागा बघा. तो नियम त्यासाठीच आहे, घ्यायला संकोच नको. चेंडू खोल बसला असेल तर वुडचा हट्ट सोडा.

प्रश्न : वडील सैन्यात होते. त्यांचा चार नंबरचा लाकडी वुड माळ्यावर सापडला. मानेवर काळा दोरा गुंडाळलेला आहे. याने खेळता येईल का? जपायचा कसा?
– एक वाचक, बेळगाव

उत्तर : तुमचं पत्र वाचून फार आनंद झाला. त्या काळातल्या चांगल्या वुडचं डोकं बहुधा पर्सिमनचं असायचं. विडीची पानं देणारा आपला तेंदू आणि पर्सिमन एकाच कुळातले. 1979 मध्ये टेलरमेडने स्टीलच्या डोक्याचा ड्रायव्हर बाजारात आणला आणि हळूहळू लाकूड मागे पडलं. तरी 1993 साली जर्मनीच्या बर्नहार्ड लँगरने मास्टर्स ही मोठी स्पर्धा जिंकली तेव्हा त्याचा ड्रायव्हर पर्सिमनचाच होता.

आणि चार नंबर! 1935 च्या मास्टर्समध्ये जीन सॅराझन शेवटच्या दिवशी तीन फटक्यांनी मागे होता. पंधराव्या होलवर, पार पाचवर (पाच फटके अपेक्षित असलेल्या होलवर), 235 यार्डांवरून त्याने मारलेला दुसरा फटका थेट होलमध्ये गेला. तीन फटक्यांचं अंतर एका फटक्यात संपलं, आणि दुसऱ्या दिवशी बरोबरी फोडणाऱ्या प्लेऑफमध्ये त्याने क्रेग वुड या खेळाडूला हरवलं. हातात होता चार नंबरचा वुड.

खेळता येईल, पण आधी मान तपासा. तो काळा दोरा शोभेचा नाही. शाफ्ट जिथे लाकडात शिरतो तिथे लाकूड फुटू नये म्हणून तो आवळलेला असतो. सुटला असेल तर मेणाचा दोरा घट्ट गुंडाळून घ्या. तोंडावरचे स्क्रू हलत नाहीत ना, तेही बघा. लाकूड ओल धरून फुगतं आणि उन्हात तडकतं, म्हणून माळा नको आणि गाडीची डिकीही नको. कोरड्या फडक्याने पुसा, व्हार्निश उडालं असेल तर पातळसा हात द्या. रेंजचे टणक चेंडू त्यावर मारू नका. सुक्या दिवशी, छोट्या टीवर, मऊ चेंडू ठेवून सावकाश मारा.