हात कुणी वर केला?

जानेवारी २०२६च्या निवडणुकीनंतर महापालिकांत पुन्हा नगरसेवक आले, आणि या सदराकडे एकाच वळणाची पत्रे येऊ लागली. प्रचारात रोपे वाटणारे सभागृहात काय करतात, हे कसे कळायचे? त्यांतली काही पत्रे आज घेतो.

प्रश्न : आमचे नगरसेवक स्वतःला ‘वृक्षमित्र’ म्हणवतात. झाडे, नदीकाठ अशा विषयांवर त्यांनी कसे मत दिले, हे कुठे पाहायला मिळेल? (नाशिक)

नगरसचिव कार्यालयात, सभेच्या इतिवृत्तात. पण आधीच सांगतो, निराशा होण्याची शक्यता बरीच आहे. बहुतेक विषयांवर मतदान होतच नाही. पीठासनावरून विषय वाचला जातो, बाकांवरून ‘मंजूर, मंजूर’ असा गलका होतो आणि पुढचा विषय येतो. नावे नोंदली जातात ती कुणी पोल, म्हणजे मतमोजणी, मागितली तर. मग बाजूने कोण आणि विरोधात कोण, हे नावानिशी लिहावे लागते. म्हणून पोल मागणारा नगरसेवक, पक्ष कोणताही असो, माझ्या वहीत वरच्या ओळीत असतो.

पोल झाला नसेल तर सूचक-अनुमोदक (प्रस्ताव मांडणारा आणि त्याला पाठिंबा देणारा) कोण, उपसूचना (प्रस्तावात सुचवलेला बदल) कुणाची आणि हजेरीपत्रकावर सही आहे का, हे पाहा. उपसूचना तर मूळ प्रस्तावापेक्षा जास्त बोलते. प्रस्ताव असतो उद्यानाचा आणि शेवटच्या क्षणी दिलेल्या चार ओळींत त्यातला कोपरा वाहनतळाला गेलेला असतो.

माहिती अधिकाराचा अर्ज करताना १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा. विषय एकच ठेवा आणि मजकूर १५० शब्दांत बसवा, तसा राज्याचा नियमच आहे. ‘नगरसेवक पर्यावरणविरोधी आहेत का’ असे विचारू नका. अमुक तारखेच्या सभेतील अमुक विषयाचा ठराव, उपसूचना, हजेरी आणि मतनोंद यांच्या प्रती मागा. उत्तराची मुदत ३० दिवसांची. तेवढा धीर नसेल तर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळेत जाऊन अभिलेख पाहता येतात. २०१८च्या शासन निर्णयाने ती सोय झाली आहे.

प्रश्न : विषयपत्रिकेत ‘हवामान बदल’ असा विषय कधीच दिसत नाही. मग लक्ष कशावर ठेवायचे? (ठाणे)

तो शब्द शोधूच नका. नाल्याच्या तळाचे काँक्रिटीकरण, बसखरेदी, कचऱ्याचा ठेका, मैलापाणी शुद्धीकरण, विकास आराखड्यातल्या आरक्षणात नगररचना कायद्याच्या कलम ३७खाली फेरबदल, या सगळ्यांत हवामान आहे. आणि वर्गीकरण! अंदाजपत्रकात एका कामासाठी ठेवलेले पैसे दुसऱ्या कामाकडे वळवण्याचे हे सभ्य नाव. वृक्षलागवडीचे पैसे पेव्हर ब्लॉकमध्ये गेले, तर त्याचा माग फक्त इथेच लागतो.

मतदानाच्या जोडीला ‘तहकूब’ (पुढे ढकलला) आणि ‘दप्तरी दाखल’ (निर्णय न घेता फाइलबंद) हे शेरेही मोजा. नको असलेल्या प्रस्तावाला विरोध करून कुणी वाईटपणा घेत नाही, तो सभेमागून सभा तहकूब करत नेतात.

प्रश्न : पक्षाने व्हिप काढला तर नगरसेवकाच्या मताला काय अर्थ? (पुणे)

व्हिप, म्हणजे अमुकच मत द्या हा पक्षाचा आदेश, मोडला तर १९८६च्या अपात्रता कायद्याने पद जाऊ शकते. तेव्हा ते मत पक्षाच्या खात्यावर लिहा आणि माणसाची परीक्षा त्याच्या भाषणात, उपसूचनेत, समितीतल्या वागण्यात घ्या.

नावानिशी मत किती महत्त्वाचे, हे मुंबईतल्या आरेच्या जंगलाच्या वादात दिसले. २९ ऑगस्ट २०१९ रोजी मुंबईच्या वृक्ष प्राधिकरणाने (झाडांबाबत निर्णय घेणारी, नगरसेवक आणि तज्ज्ञांची पालिकेची समिती) मेट्रो कारशेडसाठी २,१८५ झाडे तोडायला आणि ४६१ पुनर्रोपित करायला मंजुरी दिली. बाजूने ८ मते, विरोधात ६. कोणत्या पक्षाचा हात कुठे होता, हे दुसऱ्या दिवशी अख्ख्या शहराला ठाऊक होते. नेमके कशावर मत घेतले जाते आहे हेच कळले नाही, असे काही तज्ज्ञ सदस्य नंतर म्हणाले. मला तर हे झाडांइतकेच गंभीर वाटते.

प्रश्न : मुंबईच्या हवामान कृती आराखड्यावर आमच्या तेव्हाच्या नगरसेविकेने काय मत दिले होते? (मुलुंड)

महापालिकेची मुदत ७ मार्च २०२२ला संपली आणि आराखडा जाहीर झाला १३ मार्चला! २०५०पर्यंत नेट झिरो (जेवढे कार्बन उत्सर्जन तेवढेच शोषण) गाठण्याचे उद्दिष्ट असलेला हा दस्तऐवज आला, तेव्हा सभागृहात मत द्यायला कुणी उरले नव्हते. पुढची जवळपास चार वर्षे प्रशासकच सभागृह होते. त्या काळाचा रकाना कोरा सोडा. आताच्या नगरसेविकेला मात्र त्यातली उद्दिष्टे वाचून दाखवा आणि यंदाच्या अंदाजपत्रकात त्यांसाठी काय मागितले, ते विचारा.

प्रश्न : आमच्या गावात हे कसे करायचे? (सातारा जिल्हा)

तुमचे काम सोपे आहे. ग्रामसभेत प्रत्येक मतदार सदस्य असतो, त्यामुळे हात तुम्हालाही वर करता येतो. राज्याचे ‘माझी वसुंधरा’ अभियान, विहीर पुनर्भरण, गायरानावरची झाडे, काहीही असो, ठराव प्रोसिडिंग बुकात त्याच बैठकीत लिहून घ्या. अनेक गावांत सह्या आधी होतात आणि मजकूर मागून भरला जातो. ग्रामसेवक (आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणायचे) पान पुढे सरकवतील, तेव्हा वर काय लिहिले आहे ते वाचा. कोरे असेल तर ‘भाऊसाहेब, आधी ठराव लिहा’ म्हणा, आणि लिहून होईपर्यंत तिथेच बसा.