तासाला दोन चमचे दुधावर लेकरू जगंल का?

मुलांच्या आयसीयूबाहेरच्या बाकावर आजी बसल्या होत्या. मांडीवर स्टीलचा डबा, आत तुपातला शिरा, अजून कोमट. मला पाहून उठल्याच.

"मॅडम, तासाला दोन चमचे दूध म्हनं. एवढ्यावर लेकरू जगंल का वो?"

नातू सहा वर्षांचा. दोन्ही फुफ्फुसांत न्यूमोनिया पसरलेला, व्हेंटिलेटरवर दुसरा दिवस. नाकातून पोटात घातलेल्या नळीवाटे त्याला तयार फीड चालू होतं, तासाला १० मिली. आजींनी सिस्टरना विचारून चहाच्या चमच्याचा हिशेब लावला होता, आणि तो बरोबर होता.

मी रुग्णालयात आहारतज्ज्ञ आहे. ही काळजी मी सतत ऐकते, कुणी रडून सांगतं, कुणी चिडून म्हणतं, "पोराला उपाशी ठेवलंय तुम्ही." या घराची ओळख पटेल असे तपशील बदललेत, बोलणं तेच आहे.

वडिलांनी मोबाइलवर शोधून ठेवलं होतं, चार ते सहा वर्षांच्या मुलाला दिवसाला १३६० कॅलरी लागतात. आकडा खरा आहे, आयसीएमआरच्या २०२० च्या शिफारशींमधला. पण तो धडधाकट मुलाचा.

"घरी दिवसभर काय करतो हा?" मी आजींना विचारलं.

"एका जागी बसंल तर शपथ. शाळेतनं आला की दप्तर तिकडं आन् हा बांधावर."

आत्ता तो बांधावर नव्हता. औषधांनी झोपवलेला, श्वासाचं बरंचसं काम यंत्र करत होतं, आणि एवढ्या मोठ्या आजारात शरीर वाढीचं काम बाजूला ठेवतं. पळणं नाही, उंची-वजन वाढवणं नाही. शिवाय अशा वेळी शरीर स्वतःचेच साठे मोडून साखर रक्तात सोडत राहतं. बाहेरून कितीही ओतलं तरी सुरुवातीच्या दिवसांत ते मोडणं पुरतं थांबत नाही.

मग मी कागदावर गणित मांडलं. ३ ते १० वर्षांच्या मुलग्यासाठी वजनाला २२.७ ने गुणायचं आणि त्यात ४९५ मिळवायचे. वजन १६ किलो, म्हणजे साधारण ८५८ कॅलरी. निपचित पडलेल्या शरीराचा हा दिवसाचा खर्च. श्वासातला ऑक्सिजन आणि कार्बन डायऑक्साइड मोजून हा खर्च थेट सांगणारं यंत्र असतं, ते असेल तर उत्तमच; आमच्याकडे नाही, म्हणून सूत्र. पहिल्याच दिवशी ८५८ गाठायचे नसतात. पोटाला झेपतंय का बघत चढत जायचं आणि पहिल्या आठवड्याच्या शेवटी निदान दोन तृतीयांश, म्हणजे ५७२ च्या पुढे पोचायचं. प्रथिनं मात्र किलोमागे दीड ग्रॅमच्या खाली नकोत. याला २४ ग्रॅम.

मी शिकले तेव्हा या आकड्याला आजाराच्या तीव्रतेप्रमाणे १.३ नाहीतर १.५ ने गुणायची पद्धत होती. मीही गुणत असे. तसं केलं असतं तर या मुलाला जवळपास १२८७ कॅलरी गेल्या असत्या. जादा अन्नाचा कार्बन डायऑक्साइड दमलेल्या फुफ्फुसांनाच बाहेर टाकावा लागतो, रक्तातली साखर चढते, यकृतात चरबी साठते आणि व्हेंटिलेटर काढायला उशीर होऊ शकतो. २०१७ च्या अमेरिकेतल्या मार्गदर्शक सूचनांनी असं गुणणं नकोच म्हणून सांगितलं. त्याआधी मी लिहून दिलेल्या फीडची मला आजही खंत वाटते. मोठ्या भाजण्याच्या केसेस वेगळ्या, तिथे खर्च खरोखरच वाढतो. आणि आधीच फार कुपोषित असलेल्या मुलाला तर आणखी सावकाश, रक्तातलं फॉस्फरस-पोटॅशियम तपासत द्यावं लागतं.

आजींना हे सगळं सांगितलं नाही. एवढंच म्हटलं, "आजी, तापात फणफणलेल्या बैलाला कुणी नांगराला जुंपत नाही ना? पचवणं हेही त्याच्या अंगाला कामच आहे."

त्यांनी डब्याचं झाकण लावलं. "मग पातळ करून नळीतनं तरी?" नाही. घरचं अन्न नळीत अडकतं, नळी तुंबली की बदलावी लागते, आणि त्यात फीडचेच तास जातात.

खरी लढाई इथेच असते. चौथ्या दिवशी फीड तासाला ३० मिलीवर पोचलं होतं, चार्टवर ७२० कॅलरी लिहिल्या होत्या. पण स्कॅनसाठी थांबवलं, नळी सरकली म्हणून थांबवलं, एक्स-रे येईपर्यंत थांबवलं. फीड चाललं १४ तास, पोटात गेल्या ४२० कॅलरी. म्हणून मी घरच्यांना सांगते, "किती ठरलंय" एवढंच विचारू नका, "काल प्रत्यक्षात किती गेलं" हे रोज विचारा. या मुलाची आई ते वहीत लिहायला लागली. त्या वहीमुळे मीही दोनदा जागी झाले.

पाचव्या दिवशी आजी खुशीत होत्या. "गाल भरल्यात बगा!" वजन १७.४ आलं होतं. मला त्यांचा आनंद मोडावा लागला. ती सूज होती, सलाइनचं पाणी अंगात साठलेलं. डोळ्यांच्या पापण्या जड, पायावर बोट दाबलं की खळगा तसाच राहत होता. मी हिशेब आधीच्या वजनावरच ठेवला. सूज उतरल्यावर काटा १५.१ वर आला आणि आई वही मिटून बराच वेळ गप्प बसली.

नवव्या दिवशी व्हेंटिलेटर निघाला. आता हिशेब उलटा झाला. मूल उठून बसतं, श्वास स्वतः घेतं, गमावलेले स्नायू परत बांधायला लागतं. १३६० आता फक्त सुरुवात, पुढे त्याहून जास्तच लागणार. नेमकी याच वेळी घरात ढिलाई येते, कारण सगळ्यांना वाटतं संकट टळलं. मुलाला तर भूकच नसते, तोंड बेचव झालेलं असतं. म्हणून थोडं थोडं, दिवसातून सहा-सात वेळा; वरणभातावर तूप, अंडं, शेंगदाण्याचं कूट घातलेली मऊ खिचडी, दुधातली नाचणीची खीर.

गिळणं तपासून झाल्यावर मी आजींना निरोप पाठवला, "शिरा आणा." त्या दुपारी घेऊन आल्या, दूध घालून सैल केलेला. नातवाने तीन चमचे खाल्ले, चौथ्याला तोंड फिरवलं. मी चार्टवर लिहिलं: शिरा, तीन चमचे. आईने वहीत लिहिलं. आजींनी उरलेला डबा झाकून उशाशी ठेवला, पाचला पुन्हा द्यायला.