सोसायटीच्या वॉकीटॉकीला जुन्या व्हेंडरने पासवर्ड लावलाय, चॅनेल बदलता येत नाही. लॉक कसं काढायचं?

तुम्ही लिहिलंय की सेट सोसायटीच्या पैशांनी घेतलेत, बिल फाइलला आहे, आणि तरी व्हेंडर म्हणतो, "आधी एएमसी (वर्षभराच्या देखभालीचा करार) करा, मग पासवर्डचं बघू." मग तो पासवर्ड तुमचाच आहे. विकलेल्या वस्तूची किल्ली स्वतःच्या खिशात ठेवणं याला मी अडवणूकच म्हणतो. हे इतक्या ठामपणे सांगतो कारण असे पासवर्ड मी स्वतः शेकड्यांनी टाकलेत.

मावसभाऊ, म्हणजे आमचा दादा, आणि मी, दोघांचा मिळून तुर्भे एमआयडीसीत गाळा होता. सेट विकायचे, भाड्याने द्यायचे, दुरुस्त करायचे. सिक्युरिटी एजन्सी, लग्नाचे हॉल, बांधकामाच्या साइट, आणि पुढे घोडबंदर रोडला टॉवर उभे राहिले तशा सोसायट्या. गिऱ्हाईक दादा सांभाळायचा, प्रोग्रामिंग आणि दुरुस्ती माझ्याकडे. दादाचा नियम होता की गाळ्यातून सेट बाहेर पडेल तो पासवर्ड टाकूनच. "नाहीतर उद्या कोणीही पोरगा लॅपटॉप घेऊन येईल आणि आपलं गिऱ्हाईक घेऊन जाईल." मला ते पटत नव्हतं, पण मी टाकत होतो.

मानपाड्याच्या पुढे एका सोसायटीत आमचे सोळा सेट होते, ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यातले. परवाना लागत नाही म्हणून सोसायट्या हेच घेतात. पण हा पट्टा जेमतेम २०० किलोहर्ट्झचा, साडेबारा किलोहर्ट्झचा एक चॅनेल धरला तर एकूण सोळाच चॅनेल. त्यात बहुतेक जण सेट खोक्यातून काढतात तसेच पहिल्या चॅनेलवर, त्याच टोनवर वापरतात (टोन म्हणजे आपल्याच गटाचा आवाज ऐकू यावा म्हणून सेटला लावलेली खूण). शेजारच्या प्लॉटवर पायाचं खोदकाम सुरू झालं, त्यांनीही तसेच सेट आणले, आणि त्यांची सगळी बोलणी आमच्या वॉचमनना ऐकू यायला लागली.

सेक्रेटरी मॅडमनी दोन आठवड्यांत तीनदा फोन केला. दादाने तिन्ही वेळा व्हिजिट चार्जचं सांगितलं. मग सोसायटीतल्याच एका इंजिनियरिंगच्या मुलाने लॅमिंग्टन रोडवरून प्रोग्रामिंगची केबल आणून सेट लॅपटॉपला लावून बघितला, तर पासवर्डची चौकट उघडली. मॅडमनी मला फोन केला, "अहो, मुलगा फुकट करून देतोय, फक्त तो शब्द सांगा." मी म्हणालो, दादाला विचारून सांगतो. आणि विचारलं नाही.

चार दिवसांनी जुलैचा जोराचा पाऊस झाला. बेसमेंटमध्ये पंपाशेजारी एक नवीन वॉचमन बसवला होता, कामावर येऊन त्याला दोनच दिवस झालेले. रात्री दोनच्या पुढे त्याच्या सेटवर आवाज आला, "पंप बंद कर." तो होता शेजारच्या साइटवरचा, त्यांचा पाइप निसटला होता. ह्याने सोसायटीचा पंप बंद केला. मग चालू करू का म्हणून विचारत राहिला, पण पलीकडची माणसं सतत बोलत होती आणि हे सेट चालतात त्या एफएममध्ये ज्याचा सिग्नल जोरकस तोच ऐकू येतो. बेसमेंटमधल्या छोट्या सेटचा आवाज गेटपर्यंत पोचलाच नाही. पाऊण तासात दोन्ही विंगच्या लिफ्टच्या खड्ड्यात पाणी गेलं. सकाळी सहाव्या मजल्यावरच्या आजोबांना डायलिसिसला न्यायचं होतं. चौघांनी त्यांना खुर्चीत बसवून जिन्याने खाली आणलं.

मी पोचलो तेव्हा तो पोरगा तिथेच उभा होता. सेट दोन्ही हातांत धरलेला, बाजूच्या सॉकेटवरचं रबराचं झाकण लोंबत होतं आणि त्यातून पाणी ठिबकत होतं. "साहेब, मला सांगितलं तसंच केलं," एवढंच म्हणाला. त्याला कामावरून काढू नका, चूक आमची आहे, हे मी मॅडमना तिथेच सांगितलं.

ऑफिसच्या टेबलावर बसून सोळाही सेटचा पासवर्ड काढला, चॅनेल आणि टोन बदलला. तासाभराचं काम. चॅनेल आणि टोनची फाइल पेनड्राइव्हवर दिली. मॅडमनी पेनड्राइव्ह रजिस्टरच्या कव्हरमध्ये ठेवला, मला एक शब्द बोलल्या नाहीत. संध्याकाळी दादाला सांगितलं तर म्हणाला, "आज गिऱ्हाईक सोडलंस, उद्या धंदा सोडशील." वर्षाच्या आत आम्ही वेगळे झालो. गाळा त्याच्याकडे राहिला, मी ठाण्यात दुकान टाकलं. त्या सोसायटीने पुढच्या वर्षी एएमसी दुसऱ्याला दिली, स्वस्त पडली म्हणून. गणपतीत भेटलो की दादा हे अजून ऐकवतो. गेली तर गेली. लिफ्ट बंद असताना त्या आजोबांना धरून जिना उतरायला तो नव्हता, मी होतो.

आता तुमचं लॉक. स्क्रीनवर कुलपाचं चित्र असेल तर ते नुसतं कीपॅड लॉक, बऱ्याच सेटवर हॅशचं बटण दाबून धरलं की जातं. लॅपटॉपवर पासवर्ड मागत असेल तर तो रीडचा (सेटमधली माहिती लॅपटॉपवर घेण्याचा) आहे की राइटचा (लॅपटॉपवरून सेटमध्ये टाकण्याचा) ते आधी बघा. फक्त रीडचा असेल तर बऱ्याच सेटवर त्याच मॉडेलची नवी फाइल वरून लिहिता येते. जुने चॅनेल पुसले जातात, म्हणून फ्रिक्वेन्सी आणि टोन आधी कागदावर उतरवून घ्या. राइटलाही पासवर्ड असेल तर व्हेंडरला कमिटीच्या लेटरहेडवर पत्र द्या, बिलाची प्रत जोडा, पासवर्ड आणि प्रोग्रामिंगची फाइल दोन्ही मागा. नाही दिलं तर तेच कागद घेऊन सेट बनवणाऱ्या कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरला जा. नेटवरची पासवर्ड तोडणारी सॉफ्टवेअर लावू नका. चुकीच्या मॉडेलची फाइल गेली तर सेट कायमचा मरू शकतो, असे बरेच माझ्याकडे येतात.

आणि मुळात लॉक आहे का याचीही खात्री करा. रीड होत नाही म्हणून आलेल्या सेटमध्ये खूपदा केबलच दोषी असते. दोन पिनांची केबल असेल तर ती अंगठ्याने जोर लावून पूर्ण आत दाबा. सॉकेटभोवतीची कड आडवी येते आणि पिन अर्धा मिलिमीटर बाहेर राहते. स्वस्त केबलमधली नकली चिप विंडोजचा नवा ड्रायव्हर ओळखतच नाही. राइट करताना बॅटरी पूर्ण भरलेली ठेवा.

दादाचं एक म्हणणं मात्र मला मान्य आहे. पासवर्डच नको असं नाही. हौशी पोरं चॅनेल बिघडवतात, म्हणून नवा पासवर्ड जरूर टाका, पण तो सेक्रेटरीच्या रजिस्टरमध्ये राहू द्या. सेट भाड्याचे असतील तर माझं वरचं काहीच लागू नाही, ते व्हेंडरचे आहेत, हात लावू नका. परवान्यावरचे सेट असतील तर डब्ल्यूपीसीने (वायरलेसचे परवाने देणाऱ्या केंद्र सरकारच्या विभागाने) दिलेल्या फ्रिक्वेन्सीशिवाय दुसरी टाकू नका. आणि शेजारी नवीन साइट सुरू झाली असेल तर त्यांच्या सुपरवायझरला भेटून ते कुठला चॅनेल वापरतात ते आजच विचारून घ्या.