दोन हात, दोन कामं: पॅरा आइस हॉकीच्या राष्ट्रीय संघात नव्यानं येणाऱ्या खेळाडूस

प्रिय खेळाडूस,
अनेक आशीर्वाद.

राष्ट्रीय संघाच्या शिबिरासाठी तुझी निवड झाल्याचं कळलं, फार आनंद झाला. आता आंतरराष्ट्रीय सामन्यात नेमकं काय बदलतं ते लिहितो. जोरदार शॉटवर तुझं नाव झालं आहे, पण वरच्या पातळीवर तो जोर जवळपास प्रत्येकाकडे असतो. तिथे फरक पडतो हातांच्या हिशेबानं. उभ्यानं हॉकी खेळणाऱ्याला पाय पुढे नेतात आणि हात पक, म्हणजे खेळायची रबरी चकती, सांभाळायला मोकळे राहतात. आपण स्लेजवर, म्हणजे खाली दोन ब्लेड असलेल्या बसक्या गाडीवर, बसून खेळतो. दोन्ही हातांत एकेक आखूड स्टिक असते. तिच्या एका टोकाला बर्फात रुतवून ढकलायचं दातेरी पिक आणि दुसऱ्या टोकाला पक खेळायचं पातं. म्हणून आपल्याला ही दोन्ही कामं त्याच दोन हातांनी करायची असतात. पिक बर्फात रुतलेलं असताना त्या हातानं पक खेळता येत नाही आणि पातं पकवर असताना त्या हातानं वेग वाढत नाही.

कसलेला बचावपटू तुझ्या पककडे बघत नाही, खांद्यांकडे बघतो. दोन्ही खांदे एकदम मागे गेले की दोन्ही पिकं बर्फात पडणार आणि पक पुढे एकटा राहणार, हे त्याला ठाऊक असतं. तेवढ्यात तो पक काढून घेतो. यावर उपाय म्हणजे वेग आधी कमवायचा. पास येण्यापूर्वी तीन-चार पूर्ण ढकल मार, म्हणजे पक हाती येताना स्लेज घसरत असेल आणि दोन्ही पाती बर्फावर असतील. पक हाती आल्यावर ढकलायची वेळ आलीच तर एका हातानं ढकल. स्लेज विरुद्ध बाजूला वळू पाहील, ते कमरेनं सावर. दुबळ्या हाताला दुप्पट सराव दे. सामन्याचा पहिला पिरियड (भाग) संपायच्या आत समोरचा संघ तुझी दुबळी बाजू हेरतो आणि मग दर वेळी तुला त्याच बाजूच्या बोर्डकडे, म्हणजे मैदानाभोवतीच्या कठड्याकडे, रेटतो.

पक स्लेजखालून दुसऱ्या हाताकडे काढायला शीक. नियमानुसार स्लेजची चौकट बर्फापासून 8.5 ते 9.5 सेंमी उंच असते आणि पकची जाडी 2.54 सेंमी, म्हणजे जागा भरपूर आहे. पक ब्लेडच्या पुढून, पायांखालून जायला हवा. वळता वळता हे करायला गेलं की पक ब्लेडला आपटून भलतीकडे उडतो. म्हणून आधी सरळ घसरत सराव कर, वळण नंतर.

आता स्लेज. बकेटमध्ये, म्हणजे स्लेजवरच्या बसायच्या खोलगट जागेत, कंबर बोटभरही हलता कामा नये. हलली, तर खांद्यातून निघालेला जोर बर्फापर्यंत पोहोचायच्या आत वाया जातो आणि वळण उशिरा सुरू होतं. पट्टे पाऊल, घोटा, गुडघा आणि कंबर अशा चारही ठिकाणी लागतील तसे बसव. तोल पाहायचा तो पूर्ण साहित्य अंगावर चढवून. ब्लेड फार पुढे बसली असतील तर जोरात ढकलताना स्लेजचं नाक उचललं जातं. फार मागे असतील तर पुढचा टेकू बर्फावर घासत राहतो आणि वळण जड होतं. दोन ब्लेडमधलं अंतर कमी केलं की वळण चपळ होतं, पण एका ब्लेडवर तोल धरता येईपर्यंत घाई करू नको. अंतर एकदम मिटवणारे अनेक जण महिनाभर नुसते पडतात आणि पडायच्या भीतीनं वळणंच टाळू लागतात. धार लावून आणलीस की आधी सरळ घसरून बघ. ढकल न मारता स्लेज एका बाजूला ओढत असेल, तर दोन ब्लेडची उंची किंवा धार सारखी नाही. तशीच सामन्यात नेऊ नको.

दोन्ही स्टिकना वाक लागतो, एक डाव्या हाताची आणि एक उजव्या. लांबीची कमाल मर्यादा 100 सेंमी आहे, पण ती गाठलीच पाहिजे असं नाही. खांदे न उचलता पिक कमरेशेजारी रुतलं पाहिजे. ढकलताना आणि खेळताना पकड दांड्यावरून सरकते, म्हणून दांड्यावर चिकट टेपचे थर चढवू नको, हात अडतो. पिकच्या दातांची लांबी 4 मिमीपेक्षा जास्त चालत नाही. दात बोथट झाले की कडक बर्फावर पिक निसटतं आणि नेमकी पहिली ढकल फुकट जाते. पिकचा स्क्रू सैल राहिला तर दांडा टोकाला चिरतो. दर मध्यंतरात दोन्ही पिकं बोटांनी हलवून बघ.

धडक देणं हा खेळाचा भाग आहे, पण स्लेजचं पुढचं टोक समोरच्याच्या कुशीत काटकोनात घुसवणं म्हणजे टीइंग. त्याची शिक्षा होते, आणि समोरच्याला गंभीर इजा होऊ शकते, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. चूक शेवटच्या दोन ढकलींत होते. माणूस निसटेल या भीतीनं खेळाडू ढकलत राहतो आणि स्लेज सरळ जाऊन आदळते. त्याऐवजी लवकर निघ, त्याच्या समांतर ये, शेवटच्या दोन मीटरमध्ये ढकलणं थांबव आणि खांद्याला खांदा लावून त्याला बोर्डकडे ने. 15 मिनिटांच्या पिरियडमध्ये एक खेळाडू कमी घेऊन काढलेली दोन मिनिटं संघाच्या खांद्यांवर पुढचा अख्खा पिरियड जाणवतात.

सामना चालू असताना खेळाडू बदलण्याबद्दल नवे लोक फार बेफिकीर असतात. आपल्याला बोर्डवरून उडी मारता येत नाही, बर्फाच्या पातळीवरच्या दारातून एकेकानं आत-बाहेर करावं लागतं. म्हणून दम संपायच्या आधी परत ये. पक प्रतिस्पर्ध्याच्या कोपऱ्यात खोल टाकलेला असताना बदल, आपल्या टोकाला असताना कधीच नाही. दुसऱ्या पिरियडमध्ये बाजू बदलतात आणि बाक आपल्या गोलपासून लांब पडतो. त्या पिरियडमध्ये शिफ्ट, म्हणजे एका खेपेला बर्फावर राहण्याचा वेळ, मुद्दाम छोटी ठेव.

गोलचं माप नेहमीच्या हॉकीतलंच, 1.83 मीटर रुंद आणि 1.22 मीटर उंच. बसलेल्या गोलकीपरला वरचे कोपरे झाकणं अवघड, म्हणून एका हातानं पक उचलणं शिकायलाच हवं. शेवटच्या क्षणी मनगट फिरव. पक पात्याच्या टाचेवर असेल तर तो जमिनीलगतच जातो. तरी नुसत्या उंच शॉटपेक्षा आडवा पास देऊन घेतलेला शॉट जास्त गोल देतो असं मला ठामपणे वाटतं. गोलकीपरलाही बाजूला सरकण्यासाठी पिकनं ढकलावं लागतं, आणि त्याचा हात ढकलत असतो तेवढा वेळ तो शॉट अडवायला मोकळा नसतो. हातांचा तोच हिशेब तिथे तुझ्या बाजूनं लागतो.

मोठ्या नावांसमोर उतरताना निकालांकडेही नीट बघ. 2010 मध्ये व्हँकुव्हरच्या पॅरालिंपिकमध्ये उपांत्य फेरीत जपाननं यजमान कॅनडाला 3-1 नं हरवलं. 2018 मध्ये प्योंगचांग पॅरालिंपिकच्या अंतिम सामन्यात कॅनडा 1-0 नं पुढे होता. अमेरिकेनं गोलकीपर बाहेर काढून एक आक्रमक वाढवला. रिकाम्या गोलवरचा कॅनडाचा शॉट खांबाला लागला, आणि 37.8 सेकंद उरले असताना डेक्लन फार्मरनं बरोबरी साधली. जादा वेळेतला गोलही त्याचाच. पुढे असताना शेवटच्या मिनिटात रिकामं जाळं दिसलं, तरी आधी आपल्यावर कोण चालून येतंय ते बघ. हात अडकलेला असेल तर पक बोर्डला लावून बाहेर काढ.

वर्गीकरणासाठी, म्हणजे अपंगत्वाच्या पात्रता-तपासणीसाठी, वैद्यकीय कागद आधीच भाषांतर करून ठेव. नेहमीची औषधं संघाच्या डॉक्टरांना लेखी कळव, उत्तेजकविरोधी नियमांमुळे काहींना आगाऊ परवानगी लागते. मणक्याची दुखापत असेल तर प्रत्येक सरावानंतर बसण्याच्या जागेची त्वचा आरशात पाहा. लाल डाग दाबल्यावर फिका होत नसेल, तर त्या दिवशी पुन्हा बकेटमध्ये बसायचं नाही, समोर उपांत्य सामना असला तरी. खांदा दुखतोय हेही लपवू नको. ढकलीच्या स्नायूंइतकंच ओढीच्या स्नायूंना काम दे, नाहीतर खांदे पुढे झुकतात आणि सांध्यात चिमटा बसू लागतो.

प्रवासात ब्लेड काढून वेगळी गुंडाळ. सुटी पिकं, स्क्रू, षटकोनी पाना, एक जादा पट्टा आणि टेप एकाच पिशवीत असू दे. विमानातून उतरल्यावर चौकट सपाट जमिनीवर ठेव आणि चारही बाजूंनी बघ. सामान उतरवताना ती वाकते, आणि ते बहुतेकांना पहिल्या सरावातच कळतं. त्याआधी कळलं तर दुरुस्तीला एक रात्र मिळते.

शिबिरातल्या पहिल्या आठवड्यानंतर स्लेजच्या तोलाबद्दल आणि दुबळ्या हाताबद्दल सविस्तर कळव. पुढचं त्यावरून लिहीन.

सप्रेम,
तुझा हितचिंतक