प्रशालेतच राहिली तर मुलगी मागं पडेल का?

मी समुपदेशक आहे. आठवी संपत आली की पालक हाच प्रश्न घेऊन माझ्याकडे येतात. मराठवाड्यात तो जरा जास्तच येतो. निजामाच्या काळातली सरकारी हायस्कुलं इथं पुढे जिल्हा परिषदेकडे आली आणि तालुक्याच्या गावांत आजही प्रशाला म्हणून चालतात. आजोबा त्याच शाळेत शिकलेले असतात, नातीला मात्र तिथं ठेवायचं म्हटलं की घरात वाद होतात.

अशाच एका घरची ही गोष्ट, ओळख कळू नये म्हणून तपशील बदलून सांगते. वडील कृषी सेवा केंद्रात हिशेब बघायचे. मुलगी आठवीत, सेमी इंग्रजीच्या तुकडीत. तिला लातूरच्या इंग्रजी माध्यमाच्या निवासी शाळेत घालायचं, असं वडिलांनी ठरवून टाकलं होतं. तेव्हापासून रोज सकाळी तिचं पोट दुखायचं. डॉक्टरांना काही सापडलं नाही, म्हणून आई तिला माझ्याकडे घेऊन आली.

"मॅडम, इथं राहिली तर मागं पडंल," वडील म्हणाले. दिवाळीला पुण्याहून भावाची मुलं आली होती, घरभर इंग्रजीत बोलत होती, आणि ही कोपऱ्यात गप्प बसून राहिली. ते दृश्य त्यांना फार लागलं होतं. अशा काळजीला मी कधीच हलकं समजत नाही. आपण ज्याला मुकलो ते लेकीला मिळावं, ही तळमळ खरी असते.

पुढच्या भेटीला मी तिला विज्ञानाची वही आणायला सांगितलं आणि वडिलांसमोरच म्हटलं, "यातलं तुला आवडतं ते काहीतरी पप्पांना समजावून सांग." तिनं विद्युतघंटेची आकृती काढली. कळ दाबली की वेटोळ्यातून वीज जाते, आतल्या लोखंडाचा चुंबक होतो, तो पट्टी ओढतो आणि तिला जोडलेला टोल घंटेवर आपटतो. पण पट्टी ओढली गेली की स्क्रूपासून सुटते, वीज तुटते, चुंबकत्व जातं, पट्टी परत जागेवर येते. "म्हणजे कळ सोडेपर्यंत हेच चालू?" वडिलांनी विचारलं. "हो ना पप्पा!" तेवढ्या वेळात तिचा आवाज एकदाही अडखळला नाही.

मग हळूहळू बाकीचं कळत गेलं. प्रशालेत नववीपासून मल्टी स्किल हा वेगवेगळी हातकामं शिकवणारा व्यवसाय विषय होता. समग्र शिक्षा योजनेतून काही सरकारी शाळांत असे विषय मिळतात. वरच्या वर्गातल्या मुलींना बोर्डाचं वायरिंग करताना तिनं खिडकीतून पाहिलं होतं आणि तेच तिला शिकायचं होतं. शिवाय ती एनएमएमएसच्या, म्हणजे आर्थिकदृष्ट्या दुर्बल घरांतल्या हुशार मुलांसाठीच्या शिष्यवृत्ती परीक्षेच्या, यादीत आली होती. ही केंद्राची शिष्यवृत्ती नववी ते बारावी वर्षाला 12,000 रुपये देते, पण मूल सरकारी, स्थानिक स्वराज्य संस्थेच्या किंवा अनुदानित शाळेत शिकत असेल तरच. खाजगी विनाअनुदानित शाळेत नाव घातलं की ती बंद. परीक्षेला बसवलं शाळेनं, पण ही अट घरी नीट कुणी समजावली नव्हती. चार वर्षांचे 48,000 आणि वरून निवासी शाळेची फी, असा हिशेब वडिलांनी तिथंच मांडला.

पैशांपेक्षा मला महत्त्वाचा वाटतो तो मुख्याध्यापकांना विचारायचा प्रश्न. गणित, विज्ञान, इंग्रजीची पदं भरलेली आहेत का? प्रयोगशाळेचं कुलूप आठवड्यातून किती वेळा उघडतं? या मुलीच्या शाळेत इंग्रजीचं पद रिक्त होतं, म्हणजे वडिलांची भीती निराधार नव्हती. रिक्त पद ही मुलांवर होणारी उघड हानी आहे आणि पालकांनी त्यावर गप्प बसू नये. मी त्यांना शाळा व्यवस्थापन व विकास समितीत जायला सुचवलं. ते गेले, पदासाठी पंचायत समितीत खेटे घातले. तोपर्यंत इंग्रजीचे तास मुख्याध्यापकांनी स्वतः घेतले.

मुलगी प्रशालेतच राहिली. पोटदुखी शाळा सुरू झाल्यावर थांबली. पाहुण्यांसमोर इंग्रजी बोलायला ती अजून बिचकते, त्यावर आम्ही काम करतोय. परवा वडील पुन्हा आले होते: ती दहावीनंतर पॉलिटेक्निकला इलेक्ट्रिकल म्हणतेय, आणि त्यांना अकरावी सायन्स हवंय. या वेळी मात्र ते तिला सोबत घेऊनच आले.