कार्डावरचे दोन टक्के कुणी भरायचे?

प्रश्न : गुजरीत (सराफ बाजारात) 50,000 रुपयांचा दागिना घेतला. डेबिट कार्ड म्हटल्यावर सराफाने 2 टक्के, म्हणजे 1,000 रुपये जादा लावले. हे बरोबर आहे का?

उत्तर : मुळीच नाही. डेबिट कार्डाच्या व्यवहारावर बँक दुकानाकडून घेते ते शुल्क दुकानदाराने सोसायचं, गिऱ्हाइकावर टाकायचं नाही, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. शिवाय वर्षाला 20 लाखांवर उलाढाल असलेल्या दुकानालाही हे शुल्क जास्तीत जास्त 0.90 टक्के, म्हणजे तुमच्या खरेदीवर 450 रुपयेच. रुपे डेबिट कार्ड असेल तर 2020 पासून शून्य! क्रेडिट कार्डाला मात्र अशी कमाल मर्यादा नाही.

जादा रक्कम बिलावर वेगळी लिहून मागा. तोंडी आकारणी नंतर सिद्ध होत नाही. मशीनमधून निघालेल्या पावतीवर बँकेचं नाव असतं, तिथे लेखी तक्रार द्या. पावतीचा फोटो आजच काढा, त्या कागदावरची अक्षरं लवकर उडतात.