पहिल्यांदाच अमेरिकेला येणाऱ्या आईवडिलांना तिथं करमेल का? काय तयारी करावी?

तुझे आईवडील नांदेड जिल्ह्यातल्या खेड्यात असतात, घरची कोरडवाहू शेती आहे, दोघंही कधी विमानात बसलेले नाहीत. तू डॅलसला नोकरी करतोस आणि त्यांना सहा महिन्यांसाठी बोलावतोयस. तू माझ्या लेकीच्या वयाचा असशील म्हणून अरेतुरे करते. मी लातूरची, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झाले. लेक ओहायोतल्या कोलंबसला असते. २०१४ पासून आम्ही दोघं तिच्याकडे तीनदा जाऊन आलो.

कागदपत्रांचं तू बघशीलच, म्हणून करमण्याचं आधी सांगते.

पहिल्या खेपेला लेक-जावई सकाळी आठला बाहेर पडायचे. त्यानंतर घरात नुसतं फ्रिजचं घुंई घुंई. लातूरला आमचं दार दिवसभर उघडं असतं. दूधवाला, भाजीचा गाडा, शेजारची वाटी मागायला येते. तिथलं दार ओढलं की आपोआप लॉक व्हायचं. आपण बाहेर पडलो आणि दार बंद झालं तर उघडणार कोण, या एका भीतीनं मी अकरा दिवस उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलं नाही. लेकीला सांगितलंही नाही. ती दमून यायची, तिला कशाला घोर लावायचा? संध्याकाळी तिनं विचारलं की "मजेत आहोत गं" म्हणायचं.

बाराव्या दिवशी ती लवकर घरी आली आणि मी खिडकीला डोकं टेकून बसलेली तिला दिसले. दुसऱ्या दिवशी तिनं अर्धी रजा टाकली. दाराच्या कुलपाला आकड्यांची बटणं होती. माझ्याकडून तिनं तो नंबर दहा वेळा दाबून घेतला. दार लावायचं, उघडायचं, परत लावायचं. मग लायब्ररीपर्यंत पायी नेलं, पंधरा मिनिटांची वाट. सिग्नलच्या खांबावरचं बटण कसं दाबायचं ते दाखवलं. पांढरा चालणारा माणूस दिसला की निघायचं, लाल हात लुकलुकायला लागला की नव्यानं रस्त्यात उतरायचं नाही. गाड्या उजव्या बाजूनं चालतात, म्हणून रस्ता ओलांडताना आधी डावीकडे बघायचं. आयुष्यभर आधी उजवीकडे वळलेली मान चार दिवस ऐकेना. तीन दिवस ती सोबत आली. चौथ्या दिवशी आम्ही पुढं आणि ती वीस पावलं मागं. पाचव्या दिवशी आम्ही दोघंच गेलो, तास-दीड तास बसून परत आलो आणि दार मी उघडलं. त्या दिवसापासून मला तिथं करमायला लागलं.

नायगारा बघितला, तोही आवडला. पण तू रजा काढून काय काय दाखवणार, याची यादी करण्याआधी ते तुझ्यावाचून घराबाहेर कसे पडतील ते बघ. डॅलसच्या बाजूला वस्त्या लांब लांब आहेत, गाडीशिवाय कुठं जाता येत नाही असं ऐकते. तसं असेल तर पायी जाता येईल अशी एक तरी जागा आत्ताच हेरून ठेव. बाग, मंदिर, दुकान, काहीही चालेल. रस्ता तू स्वतः चालून बघ. गाडीतून फूटपाथ कुठं संपतो ते कळत नाही.

वडिलांना हाताला काम लागेल. आमचे हे शेतकऱ्याच्या घरातले, नुसतं बसवलं की चिडचिड करतात. जावयानं मागच्या अंगणात चार हात जागा खणून दिली, तिथं त्यांनी मेथी-कोथिंबीर केली. बी मात्र इथून नेऊ नका, कागदपत्राशिवाय बियाणं नेऊ देत नाहीत. तिथल्याच दुकानातून घ्यायचं. आणि एक मनापासून सांगते, तुझं लेकरू लहान असेल तर आजी-आजोबा हौसेनं सांभाळतील, पण त्यांना त्यासाठीच बोलावू नकोस.

आता मुदत. तू सहा महिने म्हणतोस, मी तीन म्हणेन, निदान पहिल्या वेळी. जूनच्या पहिल्या आठवड्यात मृग निघतं, वडिलांचा जीव पेरणीत अडकणार. ऑक्टोबरात सोयाबीनची काढणी, मग रब्बी, मग मार्गशीर्ष अमावस्येची येळवस. रानात पांडवांची पूजा, भज्जी आणि आंबील सोडून तुझी आई त्या दिवशी डॅलसला सुखानं जेवेल का, विचार तिला. रब्बीची रास घरी आली की, म्हणजे पाडव्याच्या आसपास निघावं आणि मृगाच्या आत परतावं. तिकडे हिवाळा सरलेला असतो आणि डॅलसचा चाळिशीतला उन्हाळाही चुकतो.

व्हिसाचं थोडक्यात. व्हिसाचा अर्ज, म्हणजे डीएस-१६० फॉर्म, तू भर, पण त्यात काय लिहिलंय ते दोघांना फोनवर वाचून दाखव. आमची मुलाखत मुंबईला झाली, बीकेसीतल्या अमेरिकी वकिलातीत. रात्रीच्या लातूर-मुंबई गाडीनं गेलो. तिथं मराठीत बोलता येतं. नांदेडहून हैदराबाद जवळ पडतं आणि तिथंही मुलाखत होते, पण मग हिंदीत बोलायची तयारी हवी. आम्ही सातबारा, पेन्शनची कागदं, सगळी फाईल नेली होती, कुणी उघडूनही पाहिली नाही. लेक काय करते, किती दिवस राहणार, खर्च कोण करणार, एवढंच विचारलं. खरं तेच थोडक्यात सांगावं.

व्हिसा बहुधा दहा वर्षांचा मिळतो, पण राहायची मुदत विमानतळावरचा अधिकारी ठरवतो. ती तारीख आय-९४ वर, म्हणजे तिथं आल्याच्या सरकारी नोंदीवर असते, बहुतेक सहा महिन्यांची. पोचल्या दिवशी ती ऑनलाइन बघ आणि लिहून ठेव. ती उलटून राहिलं तर हातातला व्हिसा रद्द होतो.

विम्यात कंजूषी करू नकोस. स्वस्तातल्या विम्यात प्रत्येक उपचाराला ठरावीक रक्कम मिळते, बाकीचं बिल आपल्या माथी. 'कॉम्प्रिहेन्सिव्ह' म्हणतात तो घे. आधीपासूनचं बीपी, शुगर त्यात सहसा धरत नाहीत. अचानक बळावलं तर काही विमे वयाची अट घालून देतात. अटी सगळ्या वाच. यांची दाढ दुखली तेव्हा कळलं की आमच्या विम्यात दात नव्हतेच, आणि एवढं बिल आम्ही आयुष्यात भरलं नव्हतं. म्हणून दात, डोळे, रक्त-लघवी सगळं निघण्याआधी नांदेडलाच तपासून घ्यायला सांग. औषधं मूळ पाकिटात ठेवायची, सोबत डॉक्टरांची इंग्रजी चिठ्ठी. साधारण तीन महिन्यांपुरती औषधं नेता येतात, माझ्या तीन महिन्यांच्या हट्टाला हेही एक कारण.

तिकीट काढतानाच दोघांसाठी व्हीलचेअर सांगून ठेव. "आम्हाला काय झालंय?" असं वडील म्हणतील. चालण्यासाठी नाही, विमान बदलताना वाट दाखवायला माणूस सोबत मिळावा म्हणून, असं त्यांना समजावून सांग.

येसर, काळा मसाला, कारळाची चटणी मोठ्या बॅगेत टाका, हातातल्या बॅगेत पुडांवरून खोळंबा होतो. दुबई किंवा अबुधाबीवरून येणार असाल तर खसखस अजिबात नको, तिथं बंदी आहे. अमेरिकेत उतरल्यावर कस्टमवाल्यांना खाण्याच्या वस्तू आहेत असं खरं सांगा. ताजी फळं आणि मांस नको.

राहिली भाकरी. तिथं मिळणारं ज्वारीचं पीठ बरेचदा जुनं असतं, त्याची विरी, म्हणजे चिकटपणा, गेलेली असते, भाकरी थापताना कडा फाटतात. आईला सांग, पीठ उकळत्या पाण्यात भिजवायचं आणि गरम आहे तोवर मळायचं. शेगडी विजेची असेल तर जाळ नाही. दुसरी बाजू तव्यावरच फडक्यानं दाबत फिरवायची, फुगते. पहिल्या दिवशी धुराचा भोंगा वाजेल, त्या आधीच खिडकी उघडून ठेव म्हणजे ती घाबरणार नाही.